निरंक वाफा

माझ्या अडतीस वर्षांच्या नोकरीतलं सगळ्यात सोपं काम म्हणजे वर्षातून एकदा नोंदवहीच्या एका रकान्यात 'निरंक' असा शब्द लिहिणं. तेवढंही मला धड जमलं नाही. त्यापायी सगळा देश उपासमारीच्या तोंडाशी आला असं उद्या कुणी म्हणालं, तर मी वाद घालणार नाही.

मी दिगंबर सोनवळे, मृदाशास्त्रज्ञ. लातूरच्या बाजूला काळ्या रानात आमचं एक लहानसं संशोधन केंद्र आहे. तिथे एका ओळीत अकरा वाफे आहेत, प्रत्येक वीस पावलं लांब आणि दहा पावलं रुंद. माझ्या जन्माच्या आधीपासून त्यांतल्या प्रत्येकाला ठरलेलं खत मिळत आलंय. एकाला नुसता युरिया, एकाला युरियाबरोबर स्फुरद आणि पालाश, एकाला फक्त शेणखत, असं करत करत दहा. अकराव्याला काहीच नाही. बाकीच्या दहांना मोजायचं तर एक वाफा कोरा हवा, म्हणून तो कोरा. कागदावर त्याचं नाव 'शून्य वाफा'. मजूर मात्र त्याला 'उपाशी वाफा' म्हणत, आणि आमची सगळ्यात जुनी मजूर भागूबाई तर त्याच्याकडे अशी बघायची की जणू पंगतीत एकट्यालाच वाढायचं राहून गेलंय.

या अकरा वाफ्यांमुळे मला देशाच्या शेतीचं सगळं दुखणं घरबसल्या कळायचं. माझ्या आजोबांच्या काळात एक पोतं युरिया टाकला की ज्वारी डोक्याच्या वर जायची. वडिलांच्या काळात तेवढ्याच ज्वारीला दोन पोती लागायला लागली आणि माझ्या काळात तीन. त्यांतली दोन पिकाला लागतच नव्हती. ती पाझरून विहिरीत उतरायची, नाहीतर वायू होऊन हवेत जायची. जमिनीतला सेंद्रिय अंश मात्र दरवर्षी थोडा थोडा कमी होत होता. सगळ्यांना दिसत होतं, पण पोतं थांबवायची हिंमत कुणाचीच नव्हती, कारण पोतं थांबलं की ताट थांबणार.

मग नत्रजीव आला.

त्यातली कल्पना साधी होती. आपल्या भोवतीच्या हवेत तीन चतुर्थांशाहून जास्त नत्र आहे, पण पिकाला तो तसा घेता येत नाही. तूर-हरभऱ्याच्या मुळांवर गाठी असतात, त्यांतले जिवाणू हवेतला नत्र पकडून पिकाला देतात. शास्त्रज्ञांनी त्या कामाची जनुकं उचलली आणि ज्वारी, गहू, भात यांच्या मुळांशी राहणाऱ्या एका जिवाणूत बसवली. बियाण्याला तो चोळायचा आणि पेरायचं. मूळ त्याला साखर देणार, तो मुळाला नत्र देणार. पोतं नको, कारखाना नको, विहिरीत विष नको.

भीती एकच होती, फुकट्यांची. नत्र बनवायला जिवाणूला फार कष्ट पडतात. उद्या एखाद्या जिवाणूनं ती जनुकं टाकून दिली, म्हणजे साखर खायची पण नत्र द्यायचा नाही असं ठरवलं, तर तो कामकऱ्यांपेक्षा झपाट्यानं वाढणार. आयत्या बिळावर नागोबा! काही वर्षांत सगळीकडे फुकटेच उरणार. म्हणून सरकारनं ठरवलं की परीक्षा सगळ्यात कठीण जमिनीत घ्यायची. देशात आमच्या अकराव्या वाफ्याइतकी गरीब जमीन नव्हती. तिथे आम्ही बारा वर्षं नत्रजीव चोळलेली ज्वारी घेतली. बारा वर्षांत एकही फुकटा टिकला नाही. का टिकला नाही ते आम्हाला कळलं नव्हतं, पण निकाल इतका लख्ख होता की कारण विचारायला कुणी थांबलं नाही. मीही थांबलो नाही.

नत्रजीव देशभर गेला. युरियाचे कारखाने एकामागून एक बंद झाले. अडीअडचणीला म्हणून दोन राखून ठेवले होते, तेही मृदा आयोगाच्या एका टिपणीवर मोडीत निघाले. ती टिपणी आयोगाच्या सगळ्यात तरुण सदस्य बाईंनी लिहिली होती. शलाका सोनवळे, माझी मुलगी. टिपणीला तिनं माझ्या बारा वर्षांच्या नोंदी जोडल्या होत्या. बातमी आली तेव्हा मी केंद्रावर पेढे वाटले.

त्यानंतर दोनच वर्षांत फुकटे आले. आधी उत्तरेतल्या गव्हात, मग किनाऱ्यावरच्या भातात, मग आमच्याकडे. पीक गुडघ्याएवढं व्हायचं आणि खालच्या पानांपासून पिवळं पडत जायचं. आता रेशनवर माणशी महिन्याला चार किलो धान्य मिळतं. बाकी काही विकत घ्यावं म्हटलं तर बाजारात नाहीच. कडब्याविना जनावरं गेली. नवा कारखाना उभा राहायला तीन वर्षं लागतील आणि गोदामात धान्य येत्या भाद्रपदापर्यंतचं आहे.

आणि या सगळ्या पिवळ्या मुलखात एकच तुकडा हिरवागार उभा होता, माझा अकरावा वाफा.

*

शलाका बुधवारी आली. सोबत तीन माणसं, खोकी, बर्फाच्या पेट्या. तिची आई गेल्यापासून ती केंद्रावर आलीच नव्हती. गालफडं बसली होती. तिनं वाफ्याच्या कडेला उकिडवं बसून ज्वारीच्या पानावरून हात फिरवला, आणि तो हात बराच वेळ काढला नाही.

"बाबा, असं पान मी आठ महिन्यांत पाहिलं नाही."

तिचा तर्क सरळ होता. या मातीत शंभर वर्षांत कसलंही खत पडलेलं नाही. म्हणजे इथले जुने, मूळचे जिवाणू अजून जिवंत आहेत, आणि तेच फुकट्यांना टिकू देत नाहीत. ते वेगळे काढायचे, बारा शहरांतल्या मोठ्या टाक्यांमध्ये वाढवायचे आणि मृगाच्या पेरणीला देशभर द्यायचे. टाक्या सोमवारी सुरू होणार होत्या.

"एकच सांगा," ती म्हणाली. "या वाफ्यात खरंच कधी काही पडलेलं नाही ना?"

"निरंक," मी म्हणालो.

मी नोंदवही काढून तिच्यापुढे ठेवली. दरवर्षीचं पान, खताचा रकाना, त्यात माझं वळणदार अक्षर. तिनं पानं उलटली, फोटो काढले आणि वही मिटली. त्या क्षणी मी खोटं बोलत नव्हतो हे मला आजही शपथेवर सांगता येईल, आणि त्याचीच मला जास्त लाज वाटते.

*

दुसऱ्या दिवशी दुपारी मी माझ्या प्रयोगशाळेत त्याच मातीच्या बशा तपासत बसलो होतो. बशीत खाद्य घालून मातीचं पाणी पसरलं की जिवाणूंचे ठिपके उगवतात. मी झाकण उचललं आणि नाकात एक वास शिरला. आंबूस, थोडा गोडसर, ओळखीचा. कुठला ते मात्र आठवेना.

तेवढ्यात भागूबाई दारात आली. सत्तरीची बाई, पण अजून हजेरीला सगळ्यात पुढं.

"सायेब, रविवारी येळवस हाय. कोप करायची का न्हाई यंदा? मानसं इचारायलीत."

येळवस म्हणजे वेळ अमावस्या. आमच्या भागात त्या दिवशी घरं ओस पडतात. सगळी माणसं रानात. कडब्याची कोप उभारायची, पांडवांचे पाच दगड मांडायचे, मिसळ भाज्यांची भज्जी, बाजरीचे उंडे, आणि मातीच्या घागरीत आंबील. आधी रानाला नैवेद्य, मग माणसांचं जेवण. घागर घेऊन पिकाभोवती फिरायचं, डहाळीनं आंबील शिंपडायची आणि ती कानडी वळणाची आरोळी द्यायची, जिचा अर्थ आमच्यात कुणालाच नीट सांगता येत नाही.

"करा की," मी म्हणालो.

"करावं तर काय घालून करावं? म्हस गेली दिवाळीत. माय मेल्यावर तिचं इरजण म्या चाळीस वरसं मोडू दिलं न्हाई, ते बी गेलं. समद्या बाया पाकिटाचं दही आनायच्या, म्या कदी आनलं न्हाई. आता कशाची आंबील करू मी उपाशी वाफ्याला?"

मी हातातल्या बशीकडे पाहिलं. तो वास आंबिलीचा होता.

मग मला सगळं दिसलं, आणि ते कधीच लपलेलं नव्हतं. दर येळवशीला केंद्रावरही कोप व्हायची. भागूबाई पीठ शिजवून, निववून, त्यात ताक घालून दोन रात्री आंबवलेली घागर आणायची. साहेब म्हणून घागरीचा मान माझा. दहा वाफ्यांवर चार चार थेंब शिंपडून आम्ही अकराव्याशी यायचो, आणि तिथे भागूबाई म्हणायची, "हितं वता सायेब, समदी वता. याला वरीसभर कुनी इचारत न्हाई." मी अख्खी घागर ओतायचो. एकतीस वर्षं. मग हात धुऊन भज्जी खायचो, दुसऱ्या दिवशी ऑफिसात जायचो आणि वहीत लिहायचो, निरंक.

*

उरलेला दिवस आणि पुढचा सगळा दिवस मी बशांवर काढला. कारण सापडायला वेळ लागला नाही, इतकी वर्षं कुणी शोधलंच नव्हतं एवढंच. भागूबाईच्या विरजणातला एक जिवाणू सौम्य विष सोडतो. नत्रजीवाला ते बाधत नाही, कारण त्याच्यात बसवलेल्या जनुकांच्या गाठोड्यात त्या विषाला पुरून उरणारं एक जनुक योगायोगानं आलेलं आहे. फुकटा जेव्हा नत्राचं ओझं टाकतो तेव्हा तो अख्खं गाठोडंच टाकतो, आणि आपलं चिलखतही त्याबरोबर फेकतो. मग आंबिलीतला जिवाणू त्याला मारतो. आमच्या वाफ्यात फुकटे जन्मतच होते, फक्त दर वर्षी मरत होते. देशातल्या बाकीच्या जमिनीत त्यांना मारायला कुणी नव्हतं. म्हणजे परीक्षेत पास झाली ती भागूबाईची आंबील, आणि प्रमाणपत्र आम्ही नत्रजीवाला दिलं.

हे कळल्यावर मी धावत शलाकाकडे गेलो असं लिहायला मला आवडलं असतं. मी गेलो नाही. शनिवारचा पूर्ण दिवस मी गप्प बसलो. मनाला म्हणत होतो, आता काय फरक पडणार? टाक्या सुरू होतील, मृगाला पेरणी होईल, आणि पीक पुन्हा पिवळं पडलं तर म्हणतील की जुने जिवाणू टिकले नाहीत. दोष मातीवर जाईल. माती उलटून बोलत नाही. बोललो तर मात्र पोरीच्या टिपणीखालची माती जाते, आणि वर सगळा देश म्हणणार, एका म्हातारीनं आंबील ओतून आम्हाला उपाशी मारलं. मी दोघींना वाचवतोय अशी माझी समजूत होती. खरं म्हणजे मी स्वतःला वाचवत होतो.

संध्याकाळी केंद्राच्या फाटकाबाहेर रेशनचा टेम्पो आला. रांगेत भागूबाई होती. माझ्याकडे बघून ती ओशाळं हसली आणि म्हणाली, "यंदा रानाला बी उपास, सायेब. आपल्यासारकाच." त्या रात्री मला जेवण गेलं नाही. ताटात अर्धी भाकरी होती, तीही तशीच राहिली.

*

रविवारी सकाळी शलाका वाफ्यापाशी शेवटचे नमुने घेत होती. मी तिच्या माणसांना चहाला पाठवलं.

"शलाका, या वाफ्यात आंबील पडलीय. दर येळवशीला, अख्खी घागर."

ती समजली नाही. मग समजली. हातातली बाटली तिनं सावकाश खाली ठेवली.

"कुणी टाकली?"

"मी."

"वहीत का लिहिली नाही?"

"ते खत आहे असं कधी मनातच आलं नाही गं. नैवेद्य होता तो. देवापुढे ठेवलेला पेढा कुणी मूर्तीचा आहार म्हणून लिहून ठेवतं का?"

"मी दोन कारखाने मोडले, बाबा!" तिचा आवाज फाटला. "तुमच्या एका शब्दावर. लोक चार किलोवर जगतायत. काल बीडमधल्या एका बाईनं मला पत्र लिहिलंय, मुलं पाणी पिऊन झोपतात म्हणून. काय उत्तर देऊ मी तिला? आमच्याकडे नैवेद्य होता म्हणून?"

ती पाठ फिरवून उभी राहिली. खांदे हलत होते. मग ती तशीच, माझ्याकडे न बघता बोलली.

"डहाळी माझ्या हातात असायची. शिंपडायला. सात वर्षांची असल्यापासून." मग डोळे पुसत ती वळली. "बुधवारी तुम्ही वही दाखवलीत, तेव्हा मलाही नाही आठवलं."

मी तिला बशा दाखवल्या, गाठोडं आणि चिलखत समजावलं. हुशार पोर आहे, पाच मिनिटांत माझ्या पुढे गेली. मग तिनं विचारलं, "टाकीतल्या पातळ खाद्यात, सारात, हा जिवाणू किती वाढतो?"

"बशीत चार ठिपके येतात, सारात वाढतच नाही. सगळी खाद्यं घालून बघितली. ज्वारीचं शिजवलेलं पीठ आणि थोडं दूध, एवढंच त्याला चालतं. का ते शोधायला वर्ष लागेल."

ती काहीतरी मनात मोजत होती. चेहरा उतरत गेला.

"देशभर द्यायचा तर टाक्यांना धान्य लागेल. गोदामातलं. म्हणजे रेशन चारवरून तीनवर आणायचं, थेट मृगापर्यंत." ती थांबली. "आणि याला पुरावा काय? पाच बशा, एक वाफा आणि तुमचा शब्द."

"हो."

"तोच शब्द."

तिनं राजधानीत आयोगाला फोन लावला. मला पलीकडचा पुरुषी आवाज स्पष्ट ऐकू येत होता. टाक्या थांबवायला तो तयार झाला, पण पिठाचं ऐकताच भडकला. "माणसांच्या तोंडचा घास काढून मातीत घाला, असं सांगू? गोदामं पेटवतील लोक! जबाबदारी कोण घेणार? तुम्ही सही करणार?" शलाकानं फोन बंद केला.

कोपेपाशी मजूर जमले होते. कुणी जेवण आणलं नव्हतं. पाच दगड मांडले होते आणि त्यांच्यापुढे भागूबाईची घागर, रिकामी. सण चुकवायचा नाही म्हणून आले होते बिचारे. मी त्यांच्यात जाऊन सगळं सांगितलं, जसं शलाकाला सांगितलं तसंच. विरजण मेलं नाही, ते उपाशी वाफ्याच्या मातीत जगलंय, आणि मी ते चिमूटभर शिजल्या पिठात आणि दुधाच्या भुकटीत परत उठवलंय, हेही सांगितलं.

भागूबाईचा चेहरा पांढरा पडला. "सायेब, मग हे समदं माज्यामुळं झालं का?"

"न्हाई, भागूबाई. तुमी वतलं ते बरूबर केलं. म्या लिवलं न्हाई, म्हनून झालं."

तिला ते पटलं की नाही, देव जाणे. तिनं पदर खोचला. मग म्हणाली, "आता काय लागतंय?"

"पीठ. रानासाठी."

माणिक नावाचा एक मजूर उठला. "रानाला तोंड हाय का? माजी दोन लेकरं घरी उपाशी हायती," म्हणाला आणि निघून गेला. त्याला कुणी नावं ठेवली नाहीत. मीही ठेवली नाहीत. त्याचं काय चुकलं होतं?

भागूबाई तिच्या पालाच्या खोपीत गेली आणि कालचं रेशन घेऊन आली. गिरणीतून दळून आणलेलं, पदरात बांधलेलं. चार किलोतलं किलोभर तरी तिनं पातेल्यात ओतलं. "आदी रान, मंग मानूस," ती कुणाला उद्देशून नाही अशी बोलली. "माय तसंच करायची. दुष्काळात बी." मग दुसरी बाई उठली, तिनं एक ओंजळ आणली. तिसऱ्यानं अर्धी. काही जण बसूनच राहिले, आणि ज्यांनी दिलं त्यांनी त्यांच्याकडे बघायचं टाळलं. तीन दगडांच्या चुलीवर पातेलं चढलं. पीठ शिजल्याचा वास सुटला, तसे पंचवीस माणसांचे चेहरे एकदम तिकडे वळले. आठ महिन्यांचे भुकेले लोक. एक बाई तोंडाला पदर लावून लांब जाऊन बसली.

शलाका माझ्या शेजारी येऊन उभी राहिली होती. तिच्या हातातला फोन पुन्हा पुन्हा वाजत होता, राजधानीचाच, आणि ती तो उचलत नव्हती.

पीठ निवलं तशी भागूबाईनं ते हातानं घागरीत भरलं, माझं विरजण घातलं, कोपरापर्यंत हात घालून कालवलं. सगळं झाल्यावर तिनं हात बाहेर काढला. बोटांना, मनगटाला शिजलेलं पीठ चिकटलं होतं, एका माणसाचा घासभर असेल. तिनं त्या हाताकडे पाहिलं. आम्ही सगळेच पाहत होतो. मग तिनं तांब्यातलं थोडं पाणी घेतलं आणि हात घागरीतच धुतला, बोट न् बोट, आणि वर फडकं बांधलं.

शलाकानं वाजणारा फोन उचलून कानाला लावला.

"तीन किलो," ती म्हणाली. "लिहून घ्या. खाली माझं नाव घाला."